अरबी समुद्रावरील विमानसेवा : नियंत्रक आणि विमान कंपन्यांची भागीदारी

बॉबलिंगेन : जर्मनीहून मुंबईला जाणारी विमाने आखाती देशांवरून आल्यास अखेरच्या टप्प्यात अरबी समुद्र ओलांडतात. जमिनीवरील रडारचा पल्ला सुमारे २५० सागरी मैलांचा असतो. त्यापलीकडे मुंबईच्या नियंत्रकांची भिस्त पूर्वी वैमानिकाने एचएफ रेडिओवरून कळवलेल्या स्थानावरच असे. परिणामी एकाच मार्गावर, एकाच उंचीवरील दोन विमानांत साधारणपणे १० मिनिटांचे, म्हणजे सुमारे ८० सागरी मैलांचे अंतर राखावे लागे आणि इंधन वाचवणारी उंची अनेकांना मिळत नसे.

आता एडीएस-सी यंत्रणा उपग्रहामार्फत विमानाचे स्थान आपोआप कळवते. सीपीडीएलसीद्वारे सूचना लिखित संदेशांतून जातात. त्यामुळे हे अंतर ५० सागरी मैलांपर्यंत कमी करता येते. मात्र यंत्रणा केवळ नियंत्रण कक्षात किंवा केवळ विमानात असून भागत नाही. म्हणूनच २०११ मध्ये भारत, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेच्या हवाई वाहतूक सेवा संस्थांनी विमान कंपन्यांना सोबत घेऊन हिंदी महासागरासाठी ‘इन्स्पायर’ उपक्रम आरंभला. वाऱ्याचा अंदाज घेऊन मार्ग कंपनीने सुचवावा आणि सुरक्षित अंतराची हमी नियंत्रकांनी द्यावी, हे या सहकार्याचे सूत्र होय.