साध्या घडीचा इतिहास : ओरिगामीतील सुलभीकरणाची परंपरा

विसाव्या शतकातील ओरिगामीचा इतिहास बहुधा वाढत्या गुंतागुंतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि त्याला सबळ कारणही आहे. न कापलेल्या एका चौरस कागदातून जेथे पूर्वी चार-पाच टोके निघत, तेथे शतकाच्या अखेरीस सहा पाय, शिंगे आणि पंख असलेले कीटक निघू लागले. मात्र याच काळात दुसरा एक प्रवाहही वाहत होता. अवघड आकृतीची ओळख न पुसता ती नवशिक्याच्या, लहान मुलाच्या किंवा बोटांवर पूर्ण ताबा नसलेल्या माणसाच्या आवाक्यात आणणे, हे त्या प्रवाहाचे उद्दिष्ट होते. अवघडाच्या मानाने हे काम दुय्यम लेखले गेले असले, तरी त्यामागे रचनेची स्वतंत्र शिस्त आहे आणि कलेच्या इतिहासात तिला बरोबरीचे स्थान मिळायला हवे.

साधी आकृती आणि सुलभ केलेली आकृती यांत मुळात भेद आहे. परंपरेने आलेल्या होडीसारख्या आकृती साध्या आहेत, पण त्या कोणी अवघडातून सोप्या केलेल्या नाहीत. 1797 मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हिदेन सेन्बाझुरू ओरिकाता’ या पुस्तकात कुवाना येथील एका बौद्ध भिक्षूने रचलेल्या, एकाच कागदातून निघणाऱ्या जोडक्रौंचांच्या 49 रचना आहेत. तेथे सर्वांना अवगत असलेला क्रौंच पक्षी हे मूळ एकक धरून गुंतागुंत वाढवत नेली आहे. युरोपात फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी 1837 मध्ये सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या प्रयोगातून जी पद्धत उभी राहिली, तिच्यात कागदाच्या घड्यांना स्थान होते, आणि 1876 मध्ये टोकियोत सुरू झालेल्या बालवाडीमार्फत ही युरोपीय घडीकाम-पद्धत जपानी परंपरेत येऊन मिसळली. मद्रासमध्ये टी. सुंदर राव यांनी 1893 मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे जे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, त्याची प्रेरणाही बालवाडीतील याच साहित्यातून आलेली होती. शिक्षणाच्या या प्रयोगांत घडी साधी होती, कारण ती शिकवण्याचे साधन होती.

सुलभीकरण ही जाणीवपूर्वक करण्याची गोष्ट ठरली ती आकृती कागदावर उतरवण्याची सर्वमान्य लिपी तयार झाल्यानंतर. अकिरा योशिझावा (1911–2005) यांनी 1954 च्या आपल्या पुस्तकात तुटक रेषा आणि बाण यांची जी चिन्हे वापरली, त्यांवर पुढे सॅम्युअल रँडलेट व रॉबर्ट हार्बिन यांनी संस्कार केले आणि ती जगभर रूढ झाली. ज्या घडीत कागद आपल्याकडे वळून मध्ये खळगा पडतो ती दरी-घडी, आणि ज्या घडीत कागद मागे वळून मध्ये उंचवटा येतो ती डोंगर-घडी, या दोन मूळ घड्यांवर ही सारी लिपी उभी आहे. या लिपीमुळे प्रत्येक आकृतीच्या पायऱ्या मोजता येऊ लागल्या, दोन रचनांची तुलना शक्य झाली, आणि नेमकी कोणती पायरी शिकणाऱ्याला अडवते हेही दिसू लागले.

गुंतागुंतीच्या बाजूने पुढे मोठी झेप घेतली गेली. जुन माएकावा यांचा हाताला पाच-पाच बोटे असलेला दैत्य 1983 च्या पुस्तकातून वाचकांपुढे आला, आणि पुढच्या दशकात रॉबर्ट लँग व तोशियुकी मेगुरो यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे वर्तुळांची पद्धत विकसित केली. या पद्धतीचे तत्त्व असे, की आकृतीच्या प्रत्येक टोकासाठी, म्हणजे पाय, शिंग किंवा शेपूट यांसाठी, कागदावर त्या टोकाच्या लांबीइतक्या त्रिज्येचे वर्तुळ राखून ठेवावे लागते, आणि ही वर्तुळे एकमेकांवर न चढता, त्यांचे मध्य चौरसात राहतील अशी बसली की त्या आकृतीचा पाया मिळतो. टोके जितकी जास्त, तितकी प्रत्येकाच्या वाट्याला येणारी जागा लहान आणि कागदाचे थर अधिक, ही किंमत मात्र टळत नाही.

सुलभीकरणाच्या प्रवाहाकडे वळायचे तर, ब्रिटिश ओरिगामी सोसायटीची स्थापना 1967 मध्ये झाली होती. तिचे सभासद जॉन स्मिथ यांनी 1970 च्या दशकात ‘प्युअरलँड’ नावाने ओळखली जाणारी पद्धत मांडली, तेव्हा सुलभीकरणाला प्रथमच काटेकोर नियम मिळाले. या पद्धतीत केवळ दरी-घडी व डोंगर-घडी घालायची, एका वेळी एकच घालायची, आणि प्रत्येक घडी कोठे पडणार हे कडा, कोपरे किंवा आधीच्या रेघा यांवरून स्पष्ट दिसले पाहिजे, असा दंडक आहे. त्यामुळे क्रौंचाच्या मानेसाठी लागणारी उलटघडी, म्हणजे दुहेरी टोक मधल्या कडेपाशी आत दाबून दोन थरांमध्ये वळवण्याची क्रिया, आपोआप वर्ज्य ठरते. उलटघडी नवशिक्याला का जड जाते, याचे उत्तर भूमितीत आहे. दुमडलेल्या कागदावर साधी घडी घातली की कडेची जुनी रेघ जशीच्या तशी राहते. उलटघडीत मात्र त्या रेघेचा पुढचा भाग डोंगराचा दरी होतो आणि त्याच क्षणी दोन्ही थरांवर एकेक नवी रेघ पडते, म्हणजेच तीन रेघा एकाच वेळी हलवाव्या लागतात. अनुभवी हाताला ही एकच क्रिया वाटते, परंतु शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्या तीन क्रिया असतात.

हा अडसर दूर कसा करायचा, हे हंसाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. चौरसाच्या दोन लगतच्या कडा कर्णावर आणून पतंगासारखा आकार करावा, तो कर्णावर अर्धा दुमडावा, म्हणजे लांबट, निमुळता त्रिकोण मिळतो. येथे उलटघडीने मान उभी केली तर ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. त्याऐवजी निमुळते टोक सर्व थरांसह एकाच घडीने वर वळवले आणि त्याचे अग्र पुन्हा पुढे वळवले, तर मान व डोके तयार होतात, फक्त ते अंगाच्या एका बाजूला चिकटलेले राहतात. समोरून पाहणाऱ्याला हंस ओळखू येतो, पण मागची बाजू सोडून द्यावी लागते. आकृती कोणत्या बाजूने पाहिली जाणार, हे आधी ठरवून त्याप्रमाणे त्याग करणे हा प्युअरलँड रचनेचा गाभा आहे.

काय राखायचे आणि काय सोडायचे, हा प्रश्न या परंपरेत वारंवार पुढे येतो. कीटकाचे सहाही पाय राखायचे की कवचाची रेषा आणि शिंग एवढ्यावरच त्याची ओळख पटवायची, याचा निर्णय घेताना रचनाकाराला त्या प्राण्याच्या आकाराचा जितका विचार करावा लागतो, तितका सर्व अवयव बसवणाऱ्याला कदाचित करावा लागत नाही. पॉल जॅक्सन यांनी एकाच घडीच्या आकृती रचून हा विचार टोकाला नेला. दृष्टी गमावलेले जपानी ओरिगामीकार साबुरो कासे यांच्या कामातून स्पर्शाचे महत्त्व पुढे आले. डोळ्यांऐवजी बोटांनी कागद वाचायचा तर घडीच्या जागा कडा-कोपऱ्यांवर नेमक्या असणे हिताचे, आणि प्युअरलँडचा दंडकही हेच सांगतो. गुंफलेल्या पाकळ्यांच्या गुलाबासाठी प्रसिद्ध असलेले गणितज्ञ तोशिकाझू कावासाकी यांनी पुढे त्याच कल्पनेचा ‘एका मिनिटाचा गुलाब’ रचला, यावरून दोन्ही प्रवृत्ती एकाच रचनाकारात नांदू शकतात हे लक्षात येते.

महाराष्ट्रातही या कलेची ओळख रुजली ती प्रामुख्याने सोप्या घड्यांतून. पुण्यात अनिल अवचट (1944–2022) यांनी ओरिगामीचा छंद जोपासला आणि त्याविषयी मराठीत लिहिले, तर आयुका या खगोलविज्ञान संस्थेतील बालविज्ञान केंद्रात काम करणाऱ्या अरविंद गुप्ता यांनी वापरलेल्या कागदांतून करता येणारी खेळणी मुलांपर्यंत नेली. जेथे खास कागद व महाग पुस्तके मिळत नाहीत, तेथे वर्तमानपत्राच्या पानावर जमणारी घडीच कला पुढे नेते, आणि म्हणून सुलभीकरणाला सामाजिक अर्थही प्राप्त होतो.

साधी घडी बौद्धिकदृष्ट्या हलकी आहे, हा समज गणितानेही खोडून काढला आहे. आखून दिलेल्या रेघांचा कागद एकामागून एक साध्या घड्या घालून सपाट दुमडता येईल का, हा प्रश्न एरिक डेमेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तपासला, तेव्हा फक्त आडव्या-उभ्या रेघांच्या आयताकृती नकाशासाठी त्याचे उत्तर झटपट काढता येते, परंतु चौरसावर कर्णाच्या दिशेच्या रेघाही आल्या की तो संगणकशास्त्रातील अवघड प्रश्नांच्या वर्गात जातो, असे निष्पन्न झाले. साध्या घडीचे बंधन स्वीकारणारा रचनाकार अशाच अवघड प्रदेशात वाट शोधत असतो, आणि त्याला ती वाट सापडली की जिच्यापर्यंत आजवर मोजकेच हात पोहोचत होते ती आकृती शेकडो हातांची होते. म्हणूनच ओरिगामीच्या प्रगतीचा हिशेब मांडताना टोकांची आणि पायऱ्यांची वाढती संख्या जशी धरली जाते, तशीच विचारपूर्वक गाळलेली प्रत्येक पायरीही धरली गेली पाहिजे.