मोठा कॅम बसवला आणि गाडी हळू झाली! जुन्या मसल कारमध्ये कॅम, कन्व्हर्टर आणि गिअर यांचं गणित कसं जुळतं?

जुन्या अमेरिकन गाड्यांचे रील बघत असाल, तर हा आवाज तुम्ही नक्की ऐकलाय. गॅरेजसमोर १९६९ ची शेवरले कॅमॅरो उभी आहे. ॲक्सिलरेटरवर कुणाचा पायही नाही, तरी बॉनेट थरथरतंय. धड, धडधड, धड... मध्येच वाटतं आता बंद पडणार, पण पडत नाही. आणि खाली कमेंटमध्ये एकच शब्द असतो, ‘कॅम!’

कमेंट करणारे बरोबर असतात. तो आवाज मोठ्या कॅमशाफ्टमुळेच येतो, आणि त्या आवाजापायीच अनेक जण आपल्या जुन्या गाडीत मोठा कॅम बसवतात. गंमत अशी, की कॅम बदलला आणि बाकी गाडी जशीच्या तशी ठेवली, तर सिग्नल हिरवा झाल्यावर हीच गाडी पूर्वीपेक्षा हळू निघू शकते. म्हणजे पैसे गेले, आवाज आला आणि पिकअप गेला. वर ब्रेकची एक भानगड मागे लागते ती वेगळीच.

असं का होतं हे समजायला तीन वस्तू एकत्र बघाव्या लागतात. इंजिनातला कॅम, इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मध्ये बसणारा टॉर्क कन्व्हर्टर, आणि मागच्या ॲक्सलमधले क्राऊन-पिनियन. उदाहरणाला आपण ही कॅमॅरोच घेऊ. ३५० क्यूबिक इंचांचं म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, टर्बो-हायड्रामॅटिक ३५० नावाचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि साधारण दीड टन वजन.

आधी कॅम समजून घेऊ

इंजिनातले व्हॉल्व्ह कधी उघडायचे, किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, हे कॅमशाफ्टवरचे उंचवटे ठरवतात. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमशाफ्टची एक होते. कॅम ‘मोठा’ असतो म्हणजे तो लांबीला मोठा नसतो, तर त्याचे उंचवटे व्हॉल्व्हला जास्त उचलतात आणि जास्त वेळ उघडा ठेवतात. हा वेळ क्रँकच्या अंशांमध्ये मोजतात. उंचवट्याने लिफ्टर इंचाच्या ५० सहस्रांश एवढा उचलला की मोजायला सुरुवात, आणि परत तितकाच खाली आला की मोजणं बंद. या मापाने कंपनीने साध्या घरगुती ३५० इंजिनात दिलेला कॅम २०० अंशांच्या आसपास असतो. रस्त्यावरची जरा तिखट गाडी २२० च्या घरात असते. २४० च्या पुढे गेलात की विषय शर्यतीचा.

व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवून फायदा काय? इंजिन ५,५०० आरपीएमवर पळत असतं तेव्हा सिलिंडर भरायला वेळच कमी मिळतो. पण आत येणाऱ्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणाला तेव्हा स्वतःचा वेग असतो. पिस्टन वर निघाला तरी ते आपल्या जोरावर आत घुसत राहतं. अशा वेळी व्हॉल्व्ह उशिरा बंद झाला तर सिलिंडर जास्त भरतो आणि ताकद वाढते.

१,००० आरपीएमवर तो वेग नसतो. व्हॉल्व्ह अजून उघडा आणि पिस्टन वर येतोय, म्हणजे आत आलेलं मिश्रण पुन्हा बाहेर ढकललं जातं. शिवाय मोठ्या कॅममध्ये आत घेणारा आणि बाहेर टाकणारा, असे दोन्ही व्हॉल्व्ह जास्त काळ एकाच वेळी उघडे राहतात. जळलेला धूर उलटा फिरून ताज्या मिश्रणात मिसळतो. एखाद्या सिलिंडरमध्ये नीट जळतं, पुढच्यात अर्धवट. तेच ते धड, धडधड, धड. म्हणजे ज्या आवाजावर आपण फिदा होतो, तो खालच्या आरपीएमवर इंजिनाला होणाऱ्या त्रासाचा आवाज आहे!

मोठा कॅम ताकद फुकट देत नाही. खालची ताकद काढून वर नेऊन ठेवतो, असं समजा. कंपनीच्या कॅमवर इंजिन हजार-बाराशे आरपीएमपासून निमूट ओढतं. बराच मोठा कॅम टाकलात तर ते २,५०० च्या खाली झोपलेलंच असतं.

मग २,५०० वर पोचायचं कसं?

हे काम टॉर्क कन्व्हर्टरचं. दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या हवेने दुसराही फिरायला लागेल. कन्व्हर्टरमध्ये हवेच्या जागी तेल असतं. इंजिनाला जोडलेला इंपेलर तेल फेकतो, गिअरबॉक्सला जोडलेला टर्बाइन त्या तेलाने फिरतो. दोघांच्या मध्ये स्टेटर नावाचं तिसरं चाक असतं, ते परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवतं. त्यामुळे गाडी जागेवरून निघताना इंजिनाचा टॉर्क साधारण दुप्पट होऊन पुढे जातो. ही कल्पना जर्मन इंजिनिअर हेरमान फ्योटिंगर यांची. १९०५ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं ते गाड्यांसाठी नव्हे, तर जहाजांसाठी.

आता कळीचा शब्द येतो, स्टॉल स्पीड. गाडी जागच्या जागी रोखून धरली आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर कन्व्हर्टर इंजिनाला ज्या आरपीएमपर्यंत चढू देतो, तो त्याचा स्टॉल. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरवर मूठ पिळली की आधी इंजिनाचा आवाज चढतो आणि मग गाडी सरकते, ते आठवा. तिथलं यंत्र वेगळं आहे, पण अनुभव तसाच.

कंपनीचा कन्व्हर्टर साधारण १,५०० ते १,८०० वर अडवतो. आता २,५०० ला जागा होणारा कॅम आणि १,७०० ला अडवणारा कन्व्हर्टर एकाच गाडीत कल्पून बघा. सिग्नल हिरवा होतो, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, आणि झोपलेल्या इंजिनाच्या गळ्यात दीड टन वजन पडतं. गाडी घरघरत, कण्हत निघते. शेजारची साधी गाडी तोवर चौक ओलांडून गेलेली असते.

सिग्नलला उभं असतानाचा त्रास याहून वाईट. मोठा कॅम ६००-७०० आरपीएमवर टिकत नाही, म्हणून त्याचं आयडलिंग ९००-१,००० वर ठेवावं लागतं. घट्ट कन्व्हर्टर तेवढ्यावरही गाडीला पुढे ढकलत राहतो. म्हणजे एकतर ड्राइव्हमध्ये टाकताच इंजिन बंद पडतं, नाहीतर गाडी सतत पुढे सरकू बघते आणि ब्रेक करकचून दाबून ठेवावा लागतो.

आणि नेमका हाच ब्रेक तेव्हा कमजोर झालेला असतो. या गाड्यांमधल्या पॉवर ब्रेकचा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. निरोगी, साध्या कॅमच्या इंजिनात आयडलिंगला पाऱ्याच्या १८ ते २० इंचांइतका व्हॅक्यूम असतो. मोठ्या कॅममुळे तो १० च्या आसपास येऊ शकतो. मग पेडल दगडासारखं लागतं. रीलमध्ये हे दिसत नाही, आवाज तेवढा ऐकू येतो. असा कॅम टाकायचाच असेल, तर व्हॅक्यूम पंप, नाहीतर साध्या ब्रेकची मापं बदलणं, हा खर्च कॅमच्या खर्चातच धरायला हवा. व्हॅक्यूमची जादा टाकी बसवून थोडी मदत होते, पण इंजिनच व्हॅक्यूम तयार करत नसेल तर टाकी भरणार कशाने?

मग लावा ४,००० स्टॉलचा कन्व्हर्टर, झालं काम? नाही. ढिला कन्व्हर्टर कमी आरपीएमवर घसरत राहतो आणि त्या घसरण्याची उष्णता तेलात जाते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा खरा शत्रू उष्णताच. म्हणून स्टॉल वाढवला की वेगळा ऑइल कूलर लावतात. अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. स्टॉल हा कन्व्हर्टरचा एकट्याचा गुण नाही. तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनामागे लावला तर वर स्टॉल होतो, कमजोर इंजिनामागे खाली. त्यामुळे खोक्यावरच्या आकड्यावर न जाता कॅम, गाडीचं वजन, टायर आणि ॲक्सलचा रेशो सांगूनच कन्व्हर्टर घ्यावा.

आता मागचे गिअर

२६ इंच उंचीचा टायर धरला तर ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ८०३ वेळा फिरतं. ॲक्सलच्या रेशोने याला गुणायचं, की तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन किती फिरतंय ते कळतं, कारण या गिअरबॉक्सचा तिसरा गिअर सरळ एकास एक आहे. २.७३ चा ॲक्सल असेल तर सुमारे २,१९० आरपीएम. ३.०८ ला २,४७०. ३.७३ ला ३,०००. ४.१० ला ३,३००. कन्व्हर्टर थोडा घसरतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा वरच धरा.

मोठ्या कॅमला मोठ्या आकड्याचा ॲक्सल हवा, कारण इंजिन पटकन वर चढलं पाहिजे. पहिल्या गिअरचा रेशो २.५२. तो २.७३ ने गुणला तर ६.८८ येतात, ३.७३ ने गुणला तर ९.४०. चाकाला मिळणाऱ्या जोरात एक तृतीयांशाहून जास्त वाढ, तीसुद्धा इंजिनाला हात न लावता! माझं मत विचाराल, तर २.७३ वाल्या गाडीत पहिला खर्च कॅमवर न करता इथे करावा. फक्त एक खाचखळगा आहे. बऱ्याचदा २.७३ च्या जागी ३.७३ बसवताना नुसते क्राऊन-पिनियन बदलून भागत नाही, आतला कॅरियरही बदलावा लागतो.

किंमत मोजावी लागते ती हायवेवर. ४.१० लावून दोन तास ३,३०० आरपीएमवर गाडी चालवून बघा, कान आणि खिसा दोन्ही तक्रार करतात. यावर अनेक जण जनरल मोटर्सचाच पुढच्या काळातला चार गिअरचा ७००-आर-४ बसवतात. तो १९८२ मध्ये आला. त्याचा पहिला गिअर ३.०६ आणि चौथा ०.७०. आता गंमत बघा, ३.०६ गुणिले ३.०८ म्हणजे ९.४२. जुन्या गिअरबॉक्सला ३.७३ लावून निघताना जो जोर मिळत होता, तोच इथे ३.०८ वर मिळतो.

पण चौथ्या गिअरमध्ये १०० च्या वेगाला इंजिन फक्त १,७३० वर येतं, आणि मोठ्या कॅमला हे अजिबात सोसत नाही. गाडी झटके देते. म्हणून अशा गाडीत ओव्हरड्राइव्ह असूनही ३.७३ ठेवतात. मग १०० ला साधारण २,१०० पडतात. शिवाय ७००-आर-४ मध्ये पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना आरपीएम जोरात पडतो. ५,५०० वर गिअर बदलला तर साधारण २,९३० वर येतो, जुन्या गिअरबॉक्सवर ३,३२० वर यायचा. तुमचा कॅम ३,२०० ला जागा होणारा असेल, तर प्रत्येक वेळी दुसऱ्या गिअरला गाडी क्षणभर श्वास सोडणार. आणि हो, या गिअरबॉक्सला कार्ब्युरेटरपासून एक केबल जोडावी लागते. ती नीट बसली नाही तर आतल्या क्लच प्लेट लवकर जळतात.

हे सगळं गणित खुद्द शेवरलेनेही केलं होतं. १९६७ ते ६९ ची कॅमॅरो झेड/२८ ही शर्यतीच्या नियमांसाठी काढलेली गाडी. ३०२ क्यूबिक इंचांचं इंजिन, आणि त्याची २९० हॉर्सपॉवरची ताकद सांगितलेली होती ५,८०० आरपीएमवर. कॅम चांगलाच मोठा. कंपनीने ती गाडी ऑटोमॅटिकमध्ये दिलीच नाही. चार गिअरचा मॅन्युअल आणि मागे ३.७३, असाच मेळ. क्लच दाबला की इंजिन मोकळं, त्यामुळे सिग्नलला बंद पडायचा प्रश्न नाही. झेड/२८ ला ऑटोमॅटिक मिळाला तो १९७० च्या मॉडेलला, जेव्हा इंजिन ३५० चं झालं आणि खालचा टॉर्क वाढला.

मग सुरुवात कुठून करायची? उलटीकडून. आधी ठरवा की गाडी हायवेवर किती जाणार आणि तिथे किती आरपीएम सहन होईल. त्यावरून टायरची उंची, ॲक्सल आणि गिअरबॉक्स ठरतात. मग त्या आरपीएमवर जो आरामात चालेल असा कॅम. कन्व्हर्टर शेवटी, कॅम जिथे जागा होतो त्याच्या थोडा वर स्टॉल देणारा. तीन गिअरच्या कॅमॅरोला रस्त्यासाठी ढोबळमानाने २१८ ते २२४ अंशांचा कॅम, २,२०० ते २,५०० चा स्टॉल आणि ३.५५ किंवा ३.७३ चा ॲक्सल, हा मेळ जमतो. दोन कॅममध्ये मन अडकलं असेल तर लहान घ्या. आवाज थोडा सौम्य येईल, पण ब्रेक लागेल.

ॲक्सल बदललात तर स्पीडोमीटरही तपासा. या गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून एका छोट्या प्लास्टिकच्या गिअरने चालतो. २.७३ वरून ३.७३ वर गेलात आणि तो गिअर बदलला नाही, तर गाडी ताशी ६० मैलांनी जात असताना काटा ८२ दाखवतो.