प्राजक्त : देवळाच्या अंगणातील मानाचे झाड

आपल्या ग्रामदैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार पूर्णत्वास जात असताना स्मरणिकेसाठी काही इतिहास लिहावा, अशी सूचना समितीने केली. बांधकामाविषयी व देणगीदारांविषयी अन्य मंडळींनी लिहिलेच आहे. ज्या झाडाची फुले आपल्या देवाला पिढ्यान्‌पिढ्या वाहिली गेली, त्या प्राजक्ताविषयी चार शब्द लिहिण्याचे मी योजिले आहे. अंगणात फरशी बसविण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे व त्याआधी झाडाचा विचार होणे जरूर आहे, हेही त्यास एक कारण आहे.

प्राजक्त म्हणजेच पारिजातक. पाने खरखरीत, कोवळी फांदी चौकोनी, फूल पांढरे शुभ्र आणि देठ केशरी. फूल संध्याकाळनंतर उमलते व पहाटे गळून पडते. एरवी भुईवर पडलेले फूल देवाला चालत नाही, परंतु प्राजक्ताला ही सूट आहे. चातुर्मासात प्राजक्ताची लाखोली वाहणाऱ्या आयाबाया आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. परडी घेऊन झाडाखाली बसावे व एकेक फूल वेचावे, हीच त्यांची पूजेची सुरुवात असे.

या झाडाची पुराणातील कथा सर्वश्रुत आहे. नारदांनी स्वर्गातील पारिजातकाचे फूल द्वारकेत आणले. श्रीकृष्णांनी ते रुक्मिणीला दिले, म्हणून सत्यभामा रुसली. तिच्यासाठी श्रीकृष्णांनी इंद्राशी युद्ध करून झाडच आणले व तिच्या दारी लावले. पण फुलांचा सडा मात्र पडू लागला रुक्मिणीच्या अंगणात. ही कथा वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

पुराणानंतर छापील कागदावरील नोंद पाहू. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला. त्याने येथील औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात प्राजक्ताला 'दुःखी झाड' म्हटले आहे. त्याने ऐकलेली कथा अशी : पारिजातक नावाच्या सरदाराची कन्या सूर्यावर भाळली, सूर्याने तिला टाकले, तिने प्राण दिला व तिच्या चितेच्या राखेतून हे झाड उगवले. म्हणून ते सूर्यासमोर फुलत नाही. याच फुलांचे देठ केशराप्रमाणे अन्नाला रंग आणण्यास वापरतात, असेही त्याने नमूद केले आहे. तो रंग खरोखर केशरातील रंगद्रव्याच्याच जातीचा आहे, असे पुढे रसायनशास्त्राने सिद्ध केले. स्वीडनच्या लिनिअसने १७५३ साली झाडाला शास्त्रीय नाव दिले, त्यातही 'रात्रीचे फूल' व 'दुःखी झाड' हेच दोन अर्थ आहेत.

विशेष हे की, १५५४ च्या सुमारास मुंबईचे बेट पोर्तुगीज सरकारने याच ओर्ताला खंडाने दिले होते. ज्या मुंबईने पुढे आपल्या गावाच्या चार पिढ्या पोसल्या, तिचा एके काळचा खंडकरी प्राजक्ताची हकीकत लिहिणारा निघावा, हा योगायोगच म्हणावयाचा.

मुंबई म्हटली की आपल्या गावाला वरळीची बीडीडी चाळ आठवते. गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते निघाले. गिरणी कामगार व गरीब लोकांसाठी घरे बांधणे हे त्याचे एक काम. त्यासाठी कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसविण्यात आला. वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, पैकी १२१ एकट्या वरळीत. तळमजला व वर तीन मजले, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. १९३० च्या सत्याग्रहात यांतील काही चाळींचा तुरुंग म्हणूनही उपयोग करण्यात आला.

अशा एकेका खोलीत आपल्या गावचे दहा-दहा, पंधरा-पंधरा गडी राहिले. पाळीप्रमाणे झोपले, पाळीप्रमाणे गिरणीत गेले आणि महिन्याच्या महिन्याला गावी मनिऑर्डर धाडली. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, कित्येकांची नोकरी कायमची गेली. तरी देवळाच्या वर्गणीची पावती कोणी नाकारली नाही. गॅलरीत डब्यात लावलेली तुळस होती, पण प्राजक्त काही डब्यात मावत नाही. त्याला जमीन लागते, मोकळे अंगण लागते. सत्यभामेच्या झाडाप्रमाणे हे लोक रुजले वरळीत आणि त्यांच्या कष्टाची फुले पडली आपल्या अंगणात. आजच्या जीर्णोद्धाराचा मोठा भार त्यांनीच उचलला आहे, हे देणगीदारांची यादी पाहिल्यास दिसून येईल.

आता त्या चाळीही जात आहेत. पुनर्विकासाच्या कामाचा प्रारंभ १ ऑगस्ट २०२१ रोजी झाला आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षे दाटीत काढलेल्यांना ऐसपैस घर मिळाले, याचा आनंद आपणा सर्वांस आहे. मात्र उंच मजल्यावर अंगण नसते. फुलांचा सडा पाहावयाचा तर त्यांना गावीच यावे लागेल. श्रावणापासून कार्तिकापर्यंत बहर असतो. गौरी-गणपतीला, नवरात्राला एस.टी.तून पहाटे उतरणाऱ्या माणसाला देवळाच्या अंगणात तो दिसला पाहिजे.

म्हणून समितीस व ग्रामस्थांस नम्र विनंती की, सर्व अंगणास फरशी न घालता प्राजक्ताभोवती निदान चार फूट लांब व चार फूट रुंद माती उघडी ठेवावी. बुंध्याशी सिमेंट आले की मुळांना पाणी व हवा मिळत नाही. त्याचप्रमाणे आळ्यात पाणी साचून राहू देऊ नये, तेही झाडास सोसत नाही. उन्हाळ्याच्या तोंडी झाडाची पाने झडतात. झाड वठले असे समजून कोणी कुऱ्हाड लावू नये, पावसाळ्यात ते पुन्हा पालवते. बहर संपल्यावर थोडी छाटणी केल्यास नवी फूट चांगली येते.

झाड वाढविणेही अवघड नाही. चपट्या, गोलसर फळात दोन बिया असतात. त्या सुकल्यावर काढून पावसाळ्याच्या प्रारंभी पेराव्यात, किंवा जून फांदीचे छाट लावावेत. भरपूर ऊन व निचऱ्याची जमीन मिळाली म्हणजे साधारण दोन-तीन वर्षांत फुले येऊ लागतात. ज्यांच्या परसात जागा आहे त्यांनी एकेक रोप अवश्य लावावे.

देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरली जातील, ते योग्यच आहे. पण ज्या वृद्ध माउलींनी वर्षानुवर्षे भल्या पहाटे फुले वेचून देवाला वाहिली, त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत. ती माती उघडी राहिली, तर त्यांच्या सेवेची जागा राहील. ग्रामदैवताने सर्व गावकऱ्यांस व मुंबईकर बांधवांस सुखी ठेवावे, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.