हिओची
हिओची : साके या तांदळापासून बनणाऱ्या जपानी मद्यात लॅक्टिक अम्ल जीवाणूंमुळे होणारा बिघाड. नितळ साके गढूळ होते, आंबट लागू लागते आणि डायअॅसिटिलमुळे तिला लोण्यासारखा वास येतो. बाटली उजेडासमोर धरून हलवली, की तळाचा पांढुरका गाळ वर उठताना दिसतो.

साकेत १५ ते २० टक्के अल्कोहोल असते. एवढ्या अल्कोहोलात बहुतेक जीवाणू तग धरत नाहीत; हिओचीचे जीवाणू मात्र त्यातच वाढतात. त्यांच्या काही वाणांना तर अल्कोहोल असले तरच नीट वाढता येते. फ्रुक्टिलॅक्टोबॅसिलस फ्रुक्टिव्होरन्स हा त्यांतला ठळक जीवाणू.

या जीवाणूंच्या वाढीला साकेतला एक घटक लागतो. तो कोणता, हे गाकुझो तामुरा यांनी १९५६ साली शोधले आणि त्याला हिओचिक अम्ल असे नाव दिले. त्याच सुमारास अमेरिकेत मर्क कंपनीच्या संशोधकांनी वेगळे केलेले मेव्हॅलोनिक अम्ल हाच पदार्थ असल्याचे पुढे सिद्ध झाले. माणसाच्या शरीरात कोलेस्टेरॉल याच अम्लापासून तयार होते आणि स्टॅटिन औषधे त्याचीच निर्मिती रोखतात. मद्याच्या नासाडीचा माग काढताना जीवरसायनशास्त्राचा एवढा मोठा धागा हाती लागावा, हे या विषयाचे खरे मोल. साकेत हे अम्ल येते कोजी बुरशीकडून, म्हणजे तांदळातल्या स्टार्चची साखर करणाऱ्या आणि जिच्याविना साके होतच नाही अशा बुरशीकडून. म्हणून ते मुळातच टाळणे अवघड.

लॅक्टिक अम्ल जीवाणूंना सरसकट शत्रू मानणेही चूक ठरेल. किमोतो या जुन्या पद्धतीत यीस्टचे विरजण तयार होताना ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस आणि लॅक्टोबॅसिलस साकेई हे जीवाणू लॅक्टिक अम्ल निर्माण करतात. त्या आंबटपणात नको असलेले जंतू मरतात आणि यीस्टला मैदान मोकळे मिळते. अल्कोहोल वाढले की हे जीवाणूही मरतात.

बिघाडावरचा जुना उपाय म्हणजे हि-इरे : साके साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवणे. लुई पाश्चर यांच्या प्रयोगांच्या सुमारे ३०० वर्षे आधीपासून जपानी कारागीर हे करत होते. जंतूंची कल्पनाही नसताना केवळ अनुभवातून त्यांनी हा उपाय गाठला, याची दखल ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट अॅटकिन्सन यांनी साकेवरील १८८१ च्या ग्रंथात घेतली. मात्र तापवलेली साके अस्वच्छ पिंपात ओतली, की जंतू पुन्हा शिरतात. पुढे सॅलिसिलिक अम्ल घालण्याचा प्रघात पडला; तो १९६९ मध्ये बंद झाला. आज तापवण्याच्या जोडीला सूक्ष्म गाळणी आणि पिंपांची काटेकोर स्वच्छता यांवर भर असतो. न तापवलेली नामाझाके साके कारखान्यापासून ग्राहकापर्यंत थंडच ठेवावी लागते.