ठिपक्यांचा प्राणी आणि त्याच्यामागची नावे

मेक्सिकोला जाऊन आलेल्या मित्रांच्या घरी तुम्ही तो पाहिला असेल. टीव्हीशेजारी ठेवलेला, अंगभर ठिपके आणि नक्षी असलेला, धड सरडा नाही आणि धड ससा नाही असा एक लाकडी प्राणी. कदाचित तुमच्याही घरी असेल. याला म्हणतात अलेब्रिखे. 'फार प्राचीन कला आहे' असे दुकानदाराने सांगितलेले असते आणि आपणही पाहुण्यांना तेच सांगतो.

पण हा प्राणी प्राचीन नाही. त्याचे जन्मवर्ष ठाऊक आहे: १९३६.

मेक्सिको सिटीत पेद्रो लिनारेस नावाचे कारागीर होते. रद्दी कागद आणि खळ यांपासून मुखवटे, पिन्याता आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी जाळायचे जूदासचे पुतळे करणे हा त्यांचा धंदा. वयाच्या तिशीत ते खूप आजारी पडले. त्या ग्लानीत त्यांना एक रान दिसले. तिथे फुलपाखराचे पंख असलेले गाढव होते, बैलाची शिंगे असलेला कोंबडा होता, गरुडाचे डोके असलेला सिंह होता, आणि सगळे एकच निरर्थक शब्द ओरडत होते, 'अलेब्रिखेस!' बरे झाल्यावर लिनारेस ते प्राणी कागदात घडवू लागले. १९९० साली त्यांना मेक्सिकोचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि १९९२ मध्ये ते वारले.

मग तुमच्या टीव्हीशेजारचा प्राणी लाकडाचा कसा? तो बहुधा वाहाका राज्यातला. तिथल्या आराझोला गावचे मान्वेल हिमेनेस कोपालच्या मऊ लाकडातून प्राणी आणि माणसे कोरत. त्यांच्या आणि शेजारच्या गावांच्या या कामाला पुढे लिनारेस यांच्या प्राण्यांचे नाव चिकटले. रंगही तसे नवेच. आधी अॅनिलिनचे रंग वापरत, नंतर बहुतेकांनी बाजारातले अॅक्रिलिक घेतले. पर्यटकांची मागणी वाढली तशी नक्षी बारीक होत गेली. बऱ्याच घरांत कोरतो पुरुष आणि रंगवते बाई. खाली सही मात्र अनेकदा घरच्या कर्त्या पुरुषाची असते. ज्या रंगासाठी आपण तो प्राणी घेतला, तो देणाऱ्या हाताचे नाव त्यावर नसतेच.

'रंगीत मेक्सिको' ही ओळखसुद्धा अशीच ठरवून घडवलेली आहे. १९१० ते १९२० हे दशक तिथे क्रांतीच्या रक्तपातात गेले. १९२१ मध्ये स्वातंत्र्याची शताब्दी आली, तेव्हा सरकारने राजधानीत लोककलांचे मोठे प्रदर्शन भरवले. तोवर गावठी समजली जाणारी मडकी, खेळणी, विणकाम देशाचा चेहरा म्हणून मांडले गेले. कारागीर गरीबच राहिले, पण त्यांच्या वस्तू राष्ट्रीय झाल्या.

त्या वस्तू जगाला दाखवल्या कॅमेऱ्याने. १९२३ मध्ये एडवर्ड वेस्टन आणि टीना मोदोत्ती हे दोघे छायाचित्रकार मेक्सिकोत आले. १९२६ मध्ये लेखिका अनिता ब्रेनर यांच्या पुस्तकासाठी त्यांनी काही महिने देशभर फिरून मूर्ती, चर्च आणि लोककलेच्या वस्तूंची छायाचित्रे काढली. सरकार आणि चर्च यांचा संघर्ष तेव्हा पेटलेला. चर्चमध्ये कॅमेरा लावून उभे राहणे जोखमीचे होते. गंमत म्हणजे ज्या रंगांसाठी आज आपण तिथे जातो, त्यांची ती सगळी छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यांत डोळा थांबतो तो घडणीवर, बोटांनी दाबलेल्या मातीवर.

याच मोदोत्तींच्या कॅमेऱ्यासमोर आपला एक माणूसही आला होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले हे क्रांतिकारक परागंदा होऊन १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागले. मका आणि गहू यांवर त्यांनी काम केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. त्यांच्या मक्याच्या प्रयोगांची छायाचित्रे मोदोत्ती यांनी काढली. दिएगो रिवेरा यांनी शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवले. १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले.

ते भित्तिचित्र पाहायला रोज लोक येतात. खानखोज्यांचे नाव ज्याला ठाऊक नाही, त्याला तिथे मेजाभोवती जमलेल्या माणसांतला एक माणूस दिसतो, इतकेच. आपण मराठी माणसे मात्र तिथे थबकतो, कारण आपल्याला नाव माहीत असते. आणि तरीही आपल्यातले किती जण ते नाव न ऐकताच मेक्सिको पाहून परतले असतील!

परदेशात राहणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको. आपल्या नावाचा नीट उच्चार कोणी विचारून घेतला की किती बरे वाटते! म्हणून पुढच्या वेळी वाहाकाच्या बाजारात फोटो काढाल तेव्हा आधी परवानगी मागा, आणि मग दोन प्रश्न विचारा: हे कोरले कोणी? आणि रंगवले कोणी? उत्तरे त्या प्राण्याच्या पोटाखाली पेन्सिलीने लिहून ठेवा. पाहुणे विचारतील तेव्हा 'फार प्राचीन कला' म्हणण्याऐवजी ती दोन नावे सांगा.