आजीच्या अकरा कॅसेट्स

मंडळी, मागच्या वर्षी मी एक गाढवपणा केला, त्याची ही गोष्ट.

घरच्या घरी व्हिडिओ एडिट करता यावेत म्हणून नवा संगणक जुळवला. सोळा कोअरचा प्रोसेसर, चौसष्ट जीबी मेमरी, तगडं ग्राफिक्स कार्ड. महिनाभर तक्ते वाचून एकेक भाग निवडला होता. (पीएचडी केल्याचा हा एक दुष्परिणाम. साधा मिक्सर घ्यायचा तरी आधी साहित्य-समीक्षण!) सगळं जुळल्यावर कराडहून आणलेल्या अकरा मिनीडीव्ही कॅसेट्स बाहेर काढल्या. २००४ साली काकांनी दुबईहून कॅमेरा आणला होता आणि बाबांनी त्यावर आजीच्या जात्यावरच्या ओव्या टिपून ठेवल्या होत्या. आजी २००९ मध्ये गेली. कॅमेरा त्याआधीच बिघडला होता. इथे ब्राउनश्वाइगच्या जुन्या बाजारात तीस युरोला एक कॅमेरा मिळाला. कॅसेट घातली, छोट्या पडद्यावर आजी दिसली... आणि तेव्हा लक्षात आलं की त्या कॅमेऱ्याची फायरवायरची वायर जोडायला माझ्या भारी संगणकाला भोकच नाही!

मग दहा-बारा युरोचं एक यूएसबी यंत्र आणलं. चित्र आलं, पण धुरकट, कडा फुटलेल्या. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त आजोबा राहतात. जिन्यात सहज विषय निघाला तर ते म्हणाले, "तुमच्या टेपवर आधीच आकडे आहेत. त्यांचं चित्र करून, त्या चित्राचे पुन्हा आकडे कशाला करताय?" आणि मला तळघरात घेऊन गेले.

तळघरातल्या एका जुन्या संगणकात 'मिरो' कंपनीचं व्हिडिओ कार्ड होतं. ही कंपनी मूळची ब्राउनश्वाइगची! मी याच गावात पाच वर्षं प्रबंध लिहीत काढली आणि मला पत्ता नव्हता. नव्वदच्या दशकात घरी व्हिडिओ एडिट करू पाहणाऱ्यांत मिरोची डीसी-३० वगैरे कार्डं फार नावाजलेली होती.

ती का लागायची, हे समजायला थोडं गणित करू. एका चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके, सेकंदाला अशी २५ चित्रं, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट. म्हणजे सेकंदाला साधारण २१ एमबी आणि तासाला ७५ जीबी. त्या काळी घरच्या संगणकाची हार्ड डिस्क असायची एक-दोन जीबीची! म्हणून हे कार्ड प्रत्येक चित्र जेपेग पद्धतीने दाबून सेकंदाला तीन-चार एमबीवर आणायचं. तरी भानगड संपत नसे. डिस्क गरम झाली की मधेच थांबून स्वतःचं मोजमाप जुळवून घ्यायची, आणि तेवढ्यात काही चित्रं गळून जायची. त्यासाठी खास 'एव्ही' डिस्क महागात विकल्या जात. शिवाय फाइल दोन जीबीची झाली की संपली, म्हणजे जेमतेम अकरा मिनिटं. त्या काळी प्रोसेसरपेक्षा डिस्क निवडण्यात शहाणपण होतं.

मिरोचा व्हिडिओ विभाग १९९७ साली अमेरिकेच्या पिनॅकलने घेतला. म्युनिकची 'फास्ट' ही दुसरी नामवंत कंपनीही २००१ मध्ये तिथेच गेली. एव्हाना कार्डाची गरजच सरत आली होती. १९९५ च्या सुमारास आलेल्या डीव्ही कॅमेऱ्यांनी दाबण्याचं काम स्वतःकडे घेतलं. तासाला १३ जीबी, आणि फायरवायरने टेपवरचे आकडे जसेच्या तसे संगणकात. आजोबा सांगत होते ते हेच.

युरोपात मात्र एक गंमत झाली. बाहेरचं चित्र टेपवर घेऊ शकणारा कॅमेरा जकातीच्या नियमात 'व्हिडिओ रेकॉर्डर' ठरायचा आणि त्यावर आयात शुल्क जास्त बसायचं. म्हणून कंपन्या इथे विकायच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ती सोय बंद करून ठेवत. एडिट केलेली फिल्म टेपवर परत लिहायची तर लोक चोरवाटेने ती चालू करून घेत. हार्डवेअर निवडताना जकातीचा कायदाही वाचावा लागतो, तो असा!

आणि दुबईच्या कॅमेऱ्यावरची कराडची टेप जर्मन कॅमेऱ्यात मुकाट चालली, याचं श्रेयही शेजारच्या हॅनोवरला. टेलिफुंकेनमध्ये वाल्टर ब्रुख यांनी तिथेच पाल ही रंगीत टीव्हीची पद्धत काढली. २५ ऑगस्ट १९६७ ला बर्लिनमध्ये विली ब्रांट यांनी लाल बटण दाबून ती सुरू केली. (बटण नुसतं दिखाऊ होतं. ते दाबायच्या क्षणभर आधीच पडद्यावर रंग आले!) आपल्याकडे १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंग आले ते याच पद्धतीने.

पुढे २००३ मध्ये एच-२६४ आलं. त्यात बर्लिनच्या हाइनरिश हर्ट्झ संस्थेचा मोठा वाटा. त्यात प्रत्येक चित्र वेगळं न ठेवता आधीच्यापेक्षा काय बदललं तेवढंच बहुतेक लिहितात. फाइल चिमुकली झाली, पण मधलं एक चित्र दाखवायचं तरी मागची-पुढची उलगडावी लागतात. अडचण डिस्कवरून प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर आली. मी ज्याच्यासाठी पैसे मोजले तो प्रश्न हा. माझा प्रश्न साध्या एका भोकाचा होता!

आता वाटतं, हार्डवेअर निवडताना सुरुवात संगणकापासून करूच नये. आपल्याकडे काय आहे आणि ते कुठे अडणार आहे, तिथून करावी. कोनराड त्सूझ या इंजिनियरने १९३६ ते ३८ मध्ये बर्लिनला आईवडिलांच्या दिवाणखान्यात झेड-१ हा संगणक बांधला. आज्ञावली कशावर लिहायची, हा प्रश्न त्याने टाकून दिलेल्या सिनेमाच्या फिल्मला भोकं पाडून सोडवला. फिल्म आणि संगणक पहिल्यांदा भेटले ते असे. घरात, आणि भंगारातून.

असो. आजोबांनी फायरवायरचं जुनं कार्ड फुकट दिलं. ते बसेल असा ऑफिसातून निघालेला संगणक मी चाळीस युरोला घेतला. अकरापैकी नऊ कॅसेट्स स्वच्छ उतरल्या. दोनांवर जागोजागी चौकटी पडल्या आहेत. एका ओवीत आजी नातवाचं, म्हणजे माझं, नाव घेते आणि नेमकी तिथेच चार सेकंद टेप बिघडली आहे. चार-पाचदा फिरवून पाहिली, कॅमेऱ्याचं डोकं पुसून पाहिलं. तिथे आकडेच उरलेले नाहीत.

बाबांना फाइल पाठवली. फोनवर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिथे तुझंच नाव आहे रे. मला पाठ आहे." आणि त्यांनी ती ओळ म्हणून दाखवली. ती मी फोनवर रेकॉर्ड करून घेतली.

मंडळी, अॅपलने २०२५ मध्ये आपल्या नव्या मॅकओएसमधून फायरवायर काढून टाकलं. तुमच्या कपाटात अशा कॅसेट्स असतील तर नवा संगणक नंतर घ्या. आधी जुना कॅमेरा शोधा.