बांधणीची साखळी आणि विश्वासाचा प्रश्न

संशोधनातली कामे एकामागून एक आपोआप चालवणारे एक सॉफ्टवेअर मूळ सोर्स कोडपासून बांधण्याचा घाट मी मध्यंतरी घातला. त्याला एक लायब्ररी हवी होती, तिला दुसरी, दुसरीला तिसरी. ही साखळी सांभाळण्याची रीत कुठून आली, हे शोधत मी १९७६ सालच्या बेल लॅब्जपर्यंत पोहोचलो.

तिथे स्टीव्ह जॉन्सन यांनी एक अख्खी सकाळ बिनचूक प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात घालवली होती. चूक आधीच दुरुस्त झाली होती. दुरुस्त फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहिली होती. ते वैतागून स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे गेले. फेल्डमन यांची आदली संध्याकाळही अशाच घोळात गेली होती. त्यातून ‘मेक’ जन्मले. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे आणि ती कशी तयार करायची, एवढे मेकला लिहून द्यायचे. बदललेल्या भागापुरतेच काम ते पुन्हा करते. आज्ञेच्या ओळीआधी टॅब हवाच, हा त्याचा जाचक नियम फेल्डमन यांनी बदलला नाही, कारण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते. तो नियम आजही आहे. पुढे २०१२ साली जीवशास्त्रातल्या विश्लेषणासाठी आलेल्या ‘स्नेकमेक’ने हीच कल्पना उचलली, नावातच ते ऋण दिसते.

मेकने कामाचा क्रम सांभाळला, पण सोर्स कोड विश्वासार्ह आहे की नाही हे ते सांगत नाही. केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवले, की सोर्स कोड निर्मळ असूनही कंपायलर त्यात चोरवाट घुसवू शकतो, आणि स्वतःच्या पुढच्या आवृत्तीतही ती उतरवू शकतो.

२०२४ मध्ये धोका वेगळ्या वाटेने आला. एक्सझेड या लायब्ररीच्या वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात बांधणीची एक फाइल अशी होती, जी सार्वजनिक सोर्स कोडच्या भांडारात नव्हती. घातक भाग चाचणीच्या फायलींत दडवलेला होता. दूरस्थ लॉगिनचा ओपनएसएसएच हा प्रोग्रॅम एक्सझेड वापरतही नाही. पण काही लिनक्स वितरणांनी त्याला सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती आणि तिच्यामागून एक्सझेड आत आली होती. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे तपासताना आंद्रेस फ्रॉइंड यांना हा घात सापडला.

मूळापासून बांधले म्हणजे सुरक्षित, हा माझा समज इथे मोडला. स्वतः बांधल्याने विश्वास संपत नाही, एक कडी मागे सरकतो. म्हणून दोन अनोळखी माणसांनी एकच कोड वेगळ्या यंत्रांवर बांधून फळ बिटागणिक ताडून पाहावे, या खटाटोपाला डेबियनमध्ये २०१३ पासून जोर आला. गठ्ठाच बिघडलेला असेल तर तेवढ्याने भागणार नाही. तो भांडाराशीही ताडावा लागेल. माझ्या सॉफ्टवेअरच्या साखळीतली प्रत्येक ओळ मी वाचलेली नाही, वाचणे शक्यही नाही. तिच्यातून निघालेला निष्कर्ष माझा म्हणून मांडताना आता मी त्यासोबत त्या साखळीची यादीही देतो.